हलक्या हाताचा हेवा

आबा, धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की आजही माझ्या पोटात दुखतं. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी हे दुखणं काही जात नाही. दीड वर्षापूर्वी गिटार घेतली तीही त्यापायीच. धाकटी सांगलीत गिटारचे कार्यक्रम करते. उजव्या हाताच्या बोटांनी एकेक तार छेडते आणि मधेच त्याच हाताची थाप तारांवर टाकते. टक् असा ठेका उठतो, सूर मात्र तुटत नाही. मला छेडता येतं, थापही देता येते. पण दोन्ही एकत्र करायला गेलो की माझी थाप सूर गिळून टाकते.

मिरजेच्या आपल्या दुकानात तंबोऱ्याचे भोपळे यायचे, तेव्हा तुम्ही एकेक मांडीवर घेऊन बोटाच्या पेरानं वाजवून बघायचात. कवच कुठं जाड, कुठं पातळ, ते तुम्हाला आवाजावरून कळायचं. एकदा मीही वाजवला. तुम्ही माझा हात धरलात. "दार वाजवतुयास व्हय रं? आत कोन झोपलंय?" सगळे हसले. मग तोच भोपळा तुम्ही तिच्या मांडीवर ठेवलात. सात वर्षांची होती ती. तिनं नुसतं बोट टेकवल्यासारखं केलं आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. माझ्यासाठी तुम्ही कधी डोळे मिटले नाहीत, आबा. मला पॉलिशच्या कामाला लावलंत, आणि तो भोपळा 'हिच्या तंबोऱ्याला' म्हणून बाजूला ठेवलात. तंबोरा व्हायच्या आधी तुम्ही गेलात. तेराव्याला तिनं विचारलं, "दादा, माझा भोपळा कुठं हाय?" मी म्हणालो, "फुटला." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." पुढे तिनं गिटार धरली.

आज सकाळी ती मला शिकवायला आली. माझा पंजा हातात घेऊन म्हणते, "मनगट सोड की, दादा. लय घट्ट धरलंयस." तासभर झाला तरी जमेना. तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाली, "घरात एखादा भोपळा असता तर त्याच्यावर शिकवलं असतं बघ. आबांनी मला तसंच शिकवलं." तुम्ही तिला वेगळं बसवून शिकवलंत, हे मला आज कळलं.

ती गेल्यावर मी माळ्यावर चढलो. तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला भोपळा खाली काढला. इतक्या वर्षांत त्याला एक तडा गेलेला नाही. मांडीवर घेऊन वाजवला, तर पहिल्यांदा दारच वाजलं. मग तिनं सांगितलं तसं मनगट सोडलं. आवाज आला, आबा. भरीव, आतपर्यंत गेलेला. ऐकताना माझे डोळे आपोआप मिटले.

रविवारी ती पुन्हा येणार आहे. भोपळा तिच्या मांडीवर ठेवायचा, खरं काय ते सांगायचं, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. मघाशी मधेच उठलो, भोपळा परत धोतरात गुंडाळला आणि वर ठेवून आलो.