समुद्राने परत केलेला नारळ

प्रिय सुभद्रे,

तुझी बहीण नवऱ्याच्या नोकरीपायी कोकणात राहते ना, तिच्या घरी पुन्हा लग्न निघालंय. आपली नात छबी हटून बसली आहे, "आबाजी, मले समुद्र पायचा हाय!" आणि कुसुम म्हणते, पोरीला पाण्याजवळ न्यायचं नाही. आपल्या लेकीच्या डोक्यात हे कोणी भरलं? तूच! म्हणून आज तुझ्याशी भांडायला बसलोय.

तिच्याकडच्या मागच्या लग्नाहून परतताना पाहिलेला तो किनारा आठवतो? वनखात्याचं राखीव सुरूचं बन, पलीकडे स्वच्छ वाळू, आणि माणूस म्हणशील तर एक रखवालदार. दुपारची मोटार गाठायची होती, घटकाभरच थांबणार होतो. किती सुंदर होतं गं! तू तर चपला हातात घेऊन उभीच राहिलीस.

नवं पाणी दिसलं की आपल्याकडच्या बाया ओटी भरतात. पूर्णेत नारळ सोडला की वाहून जातो, नदीनं घेतला म्हणायचं. कुसुमला तेव्हा दिवस गेलेले, आधीची लेकरं हाती लागली नव्हती. तू तिच्या नावानं नारळ सोडलास. लाटेनं तो तुझ्याच पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडलास, पुन्हा परत!

"अजी, माय घेऊनच नाई राहिली!" तुझा चेहरा पांढराफटक.

"काहून भिऊन राहिली? घेईन, जरा दम धर."

पण तू कुठली ऐकतेस! नारळ उराशी धरून निघालीस की आत. कमरेएवढ्या पाण्यात गेलीस. मागून रखवालदार ओरडत धावला, "अहो, बाईंना मागे बोलवा! भरती लागलीय!" आपल्याला ठाऊक तो पावसानं येणारा नदीचा पूर. आभाळ कोरडं, मग पाणी चढेलच कशाला?

चढलं! एक लाट आली आणि तू दिसेनाशी झालीस. मला कुठं पोहता येतं! तरी शिरलो. हाताला तुझं मनगट लागलं. पायाखालची वाळू सरकत होती आणि तू हिसडे देत होतीस, कारण नारळ सुटला होता. "सोडा मले! पोरीचा हाय थो!" असा राग आला तुझा, आणि तेवढीच भीतीही वाटली. रखवालदारानं मला मागून ओढलं, म्हणून दोघं वाचलो.

छबी झाली, चांगली ठणठणीत. तरी तिला नुसती शिंक आली की, समुद्रानं नारळ नाकारला म्हणून, तू घाबरून माझ्याकडे पाहायचीस. मी ओरडायचो, "अवं, लाट सगळंच परत आणते, त्या रखवालदारानं सांगतलं ना!" तू हे जग सोडून गेलीस, पण तुला शेवटपर्यंत पटलं नाही. का गं असा जीव जाळलास? पोर अंगणात खिदळत होती आणि तुला ते धड पाहताही आलं नाही. याचंच मला फार वाईट वाटतं.

कुसुमला मी सांगून टाकलंय, छबी माझ्याबरोबर येईल. पाय भिजवील, शिंपले वेचील. ओटीबिटी काही नाही. तू घोर करू नकोस, तिचा हात मी घट्ट धरीन. तू एवढे हिसडे दिलेस, तुझा तरी सोडला होता का?

तुझाच,
छबीचे आबाजी