ओढ्याकडची राखण

२९ डिसेंबर, सोमवार

पोटातलं बाळ जाऊन दीड महिना होतोय, आणि सासूबाई म्हणतात — उद्यापासून पाखरं राखायला जा! ओढ्याकडच्या ज्वारीवर. सकाळी सात ते अकरा, दुपारी तीन ते सहा. कंपनीत पाळी लावावी तशी वेळ लावून मोकळ्या झाल्या.

अमृतला फोन केला. तो नगरला नोकरीवर, येणार रविवारी. म्हणे, "आई म्हणतीय तर जा की. हवापालट होईल." हवापालट! मी शहरात, सावेडीत वाढलेली. मला ज्वारी ओळखू येते ती भाकरी झाल्यावर.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या ताईंनी ही वही लिहायला सांगितलीय. श्वास अडकला की मनगटावर गार पाणी घ्यायचं, समोर दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या. आणि रडू आलं तर दाबायचं नाही. अहो ताई, या घरात रडायचं कुठे? नुसतं नाक ओढलं तरी गल्लीतल्या चार बायका पदर सावरत हजर! वर त्यांना चहा मीच करायचा.

३० डिसेंबर

चढले एकदाची शेतातल्या माळ्यावर. सासूबाईंनी बाभळीच्या मेढी रोवून स्वतः बांधलाय. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत, आणि हे उद्योग! सोबत पत्र्याचा डबा, काठी, भाकरी-ठेचा, गुळाचा खडा. आणि तंबी — "तोंडातल्या तोंडात हुर्र्या करू नगंस. पोटातनं वरड. पाखरू लई कोडगं असतंय."

ओरडायची लाज वाटली. डबाच बडवला दिवसभर.

१ जानेवारी

ओरडले! आधी शाळेत हजेरी दिल्यासारखा आवाज निघाला. मग बांधावरचा एक होला उडाला आणि मला जो काही चेव आला — तासभर कोकलत होते. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. सासूबाईंनी तिसरी न विचारताच वाढली.

४ जानेवारी, रविवार

अमृतला शेतावर नेलं. सासूबाईही आल्या. म्हटलं बघ, एक पाखरू आहे का? तो ज्वारीकडे बघत राहिला, मग आईकडे. त्यांनी डोळे वटारले. "लई भारी राखलंस," म्हणाला आणि उगाच खोकला. जळतो मेला!

९ जानेवारी

शेजारची ज्योती बोरन्हाणाचं बोलावणं द्यायला आली. बाळ कडेवर. माझा श्वास अडकला. वस्तू मोजायला लागले — चूल, तवा, घागर... चौथं बाळाचं टोपडंच दिसलं.

तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "स्नेहल, ज्वारीवर पाखरं पडली बग! पळ!" दुपारचा एक वाजलेला. घरात बसून त्यांना पाखरं कशी दिसली कोण जाणे. पण मी पळाले.

१२ जानेवारी

आज ती जगात यायची तारीख होती.

तिचं नाव मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. अमृतलाही सांगितलं नव्हतं. इथेही नाही लिहिणार. माळ्यावरून हाका मारल्या तिला. किती वेळ, माहीत नाही. मग रडले — भोकाड पसरून, शेंबूड येईपर्यंत. पदर सावरत कुणी आलं नाही.

घरी आले तर सासूबाईंनी पायांवर गरम पाणी ओतलं. पहिल्या दिवशी त्यांच्यावर चिडून लिहायला बसले होते. आता नाही चिडता येत. मला ही बाई फार आवडते.

१४ जानेवारी

ज्योतीकडे गेले नाही. तिळगूळ तेवढा पाठवला. यंदा एवढंच जमलं.

१७ जानेवारी, शनिवार

शेजारच्या वावरातली गोजरबाई शेळ्या घेऊन चालली होती. माळ्याखाली थांबली आणि हसत सुटली. "आगं बाई, कडवळ राखाया कोन बसतंय व्हय? ह्यो जनावरांचा हिरवा चारा हाय. मागल्या हप्त्यातच कापायचा हुता, पार निबार झाला. यात दाना कुठला अन् पाखरू कुठलं! तुज्या सासूला म्या म्हनलं तर म्हनली — गप ऱ्हा गोजर, माजी पोरगी मोकळी हुतीया."

खरी ज्वारी ओढ्यापलीकडे. मला वाटायचं, या वेळेला सासूबाई घरी धारा काढत असतील. धावत गेले. बांधावर उन्हात एकट्याच उभ्या होत्या. माळा नाही — लाकूड एकाच माळ्यापुरतं होतं म्हणे. त्यांचा आवाज पार बसलेला, आणि पाखरं खुशाल दाणे टिपत होती.

मी म्हटलं, "आत्या, तुम्ही सावलीला बसा. आता मी ओरडते."