बुडवलेला पाव

पिरंगुट,
सोमवार

प्रिय शहनवाज,

सलाम आणि खूप दुआ. कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हैबतरावांचा कौस्तुभ गुरुवारी कंपनीच्या कामासाठी शिकागोला निघालाय. काल घरी येऊन म्हणाला, काका, शहनवाजला काही द्यायचं असेल तर द्या, माझ्या बॅगेत जागा आहे. तुझी आरिफा आपा लगेच अम्मीच्या हातची लोणच्याची बरणी कापडात बांधायला लागली. मी म्हणालो, विमानात तेल सांडेल, राहू दे. ते कारण खरं नव्हतं, पण ते पुढं लिहितो. बरणीच्या जागी हे पत्र देतोय. अम्मी गेल्यापासून आपलं फोनवर बोलणं होतं, पण तू विचारतोस, जेवलात का, मी जेवलो म्हणतो, मग तू हवा कशी आहे विचारतोस. कागदावर तेवढ्यावर भागत नाही, काहीतरी लिहावंच लागतं.

अम्मीचं दुकान आरिफानं पुन्हा उघडलंय. मी सकाळी शटर वर करतो, गॅस जोडतो आणि खुर्ची टाकून बसतो. कंपनीत स्टोअरकीपर होतो तेव्हा सगळं सामान जागच्या जागी लागायचं, तसंच मी इथं बरण्या लावून ठेवतो आणि आरिफा येऊन पुन्हा हलवते. पौड रोडवर रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार येते. म्हशीच्या मटणाचा अख्खा गोळा लसूण-मिरी घालून मंद आचेवर शिजवणं तिला जमतं, गार करून पातळ काप करणंही जमतं. मटण शिजलेल्या पाण्याची यखनी मात्र अम्मीच्या यखनीसारखी होत नाही. गिऱ्हाइकांपैकी कुणी तसं म्हणत नाही. पूर्वी वाटी पुन्हा भरून मागायचे, आता मागत नाहीत, एवढंच.

हे सगळं कसं सुरू झालं ते मला हल्ली सारखं आठवतं. लॉकडाऊनच्या आधी तू थोड्या दिवसांच्या रजेवर आलास आणि अडकून पडलास. घरात बसून कंटाळलास, आणि एक दिवस अम्मीला म्हणालास, आमच्या हॉटेलात ज्याच्यासाठी लोक रांग लावतात ते तुला करून घालतो. नाव इटालियन बीफ. अम्मीनं विचारलं, हॉटेल शिकागोला आणि नाव इटलीचं, ते कसं? तू म्हणालास, इटलीत तर हे कुणाला माहीतही नाही. ती म्हणाली, मग आपल्याला माहीत नव्हतं तर काय बिघडलं. गाईबैलाचं इथं चालत नाही, म्हणून म्हशीचं आणलं. तू पावात काप भरलेस आणि तो पाव सबंधच्या सबंध यखनीत बुडवून काढलास. मग खायचं कसं तेही करून दाखवलंस. पाय मागं, दोन्ही कोपरं ओट्यावर टेकवलेली, मान पुढं. अंगावर थेंब पडू नयेत म्हणून तिकडे सगळे असेच उभे राहतात म्हणालास. अम्मी हसत हसत खालीच बसली. म्हणाली, हे खाणं आहे की कवायत.

तू परत गेलास. त्यानंतर काही महिन्यांनी तिनं हैबतरावांचा गाळा भाड्यानं घेतला. मला आधी सांगितलं नव्हतं, घेतल्यावर सांगितलं. हैबतरावांची एकच अट होती. "मौलाभाई, नाव काय बी ठेवा, पर म्हशीचं हाय हे मोठ्या अक्षरात लिवा. मागनं कुणी बालंट आणाया नको." म्हणून बोर्डावर इटालियन बारीक अक्षरात आहे आणि म्हशीचे मटण हे रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. हैबतराव स्वतः तिथलं काही खात नाहीत, पण सगळ्यात जास्त मतं त्यांचीच. रोज चहाला यायचे आणि पावावरून सुरू व्हायचे. "भाभी, वला पाव आजाऱ्याला देत्यात. चांगल्या माणसाला काय देताय?" एमआयडीसीतले कामगार म्हणायचे, याच्यावर तर्री द्या. माण आणि नांद्याकडून मोटारसायकलींवर येणारी आयटीची मुलं आधी फोटो काढायची, मग खायची, आणि घरी जाऊन फोनवर काहीबाही लिहायची. आरिफा वाचून दाखवायची. एकानं लिहिलं होतं, ना इटली ना बीफ, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा संपलं होतं, म्हणून एक तारा कापला. अम्मीला हे इतकं आवडलं की तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

शेवटी तिनं सगळ्यांचं ऐकून आपलं ठरवलं. पाव बुडवायचा नाही. तव्यावर कडक भाजायचा, आत काप, वर तिचं गाजर-फ्लॉवर-मिरचीचं लोणचं, आणि यखनी बाजूला वाटीत. ज्याला हवं त्यानं एकेक घास बुडवून खावं. दुकान त्यावर चाललं. तुझं आणि तिचं भांडणही त्यावरच चाललं. दर रविवारी तुझा फोन यायचा, ती फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायची, आणि तू सुरू व्हायचास. अम्मी, बुडवल्याशिवाय ते इटालियन राहतच नाही. ती म्हणायची, मी तरी कुठं इटलीची आहे. तू म्हणायचास, पुन्हा एकदा गिऱ्हाइकाला तसं देऊन बघ. ती म्हणायची, आपला पाव मऊ, पाण्यात गेला की मेला, तुमचा पाव दगडाचा असेल. मी मागं बसून पेपर वाचत असायचो. मला वाटायचं, ही दोघं दुसरं काही का बोलत नाहीत. आता रविवारी ती वेळ झाली की मी पेपर उघडतो, आणि पान उलटायचं राहून जातं.

आता मुद्द्याचं लिहितो. अम्मीचा चाळिसावा जवळ आलाय. त्या दिवशी फातिहा देताना गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही करतात, तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात तुझी फुफी दुकानात आली आणि यादी करायला बसली. तिनं मला विचारलं, भाभीला काय आवडायचं? मी म्हणालो, सांगतो. आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तुला काय आवडतं ते मला माहीत आहे, आरिफाला काय चालत नाही ते माहीत आहे, हैबतरावांच्या चहात साखर किती तेसुद्धा माहीत आहे. हे सगळं मला तिच्याचकडून माहीत झालेलं. तिचं स्वतःचं तिनं कधी सांगितलं नाही, आणि ती जेवायची तेव्हा आमची ताटं उचललेली असायची.

मी आत आलो तोपर्यंत मतं पडायला लागली होती. फुफी म्हणाली, खिचडा, मोहरमला आवडीनं खायची. आरिफा म्हणाली, खिचडा ती तुमच्याकडं आली म्हणून खायची, तिला शिरखुर्मा आवडायचा. मी अंबाडीची भाजी म्हणालो. दोघींनी माझ्याकडं असं बघितलं की मी यादीचा कागद फुफीकडं परत सरकवला. पण मला खरंच तसं वाटत होतं.

तेवढ्यात हैबतरावांच्या सगुणाबाई आल्या. घरून त्या रोज काहीतरी घेऊन येतात. अम्मी गेली तेव्हा आपल्या घरात चूल पेटली नाही, त्या दिवसांत त्यांच्याच भाकरी आम्ही खाल्ल्या. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येवढं काय त्यात इचार करताय? दर जुम्म्याला तुमी मशिदीत गेला की खायची की ती. त्योच पाव. वला करून."

आरिफा म्हणाली, "ओला? मावशी, अम्मी तर ओल्याच्या नावानं भांडायची."

"ते फोनवर. हितं पार बुडवून खायची. मी दारात बसायची माझा च्या घिऊन. मी माळकरीण, मला त्यो वास सोसत न्हाई, पर तिला एकटीला कसं खाऊ द्यायचं? मी म्हणायची, अगं बस की बया, उभ्यानं काय खातीस? तर म्हणायची, हे असंच खायचं असतंय, सगुणा."

मी विचारलं, असंच म्हणजे कसं? सगुणाबाईंना शब्दात सांगता येईना. मग त्या उठल्या, गुडघे दुखतात तरी ओट्यापाशी गेल्या, पाय मागं घेतले, दोन्ही कोपरं ओट्यावर टेकवली आणि मान पुढं काढली. हातात काही नव्हतं. आरिफानं ओढणी तोंडाला लावली. मी गॅस बंद करायला वळलो, तर तो बंदच होता.

तुला हे तिनं कधी सांगितलं का ते मला माहीत नाही. बहुतेक नसेल. सांगितलं असतं तर रविवारचं भांडण संपलं असतं.

शुक्रवारी आम्ही करून बघितलं. पाव यखनीत घातला, वर काढेपर्यंत निम्मा भांड्यातच राहिला. हैबतराव दारात उभे होते, ते म्हणाले, "म्या चार वर्सं सांगतोय." मग त्यांनीच सांगितलं, "कालचा पाव घिऊन बगा." शिळा पाव घेतला. तो टिकला, पण आतून कोरडा राहिला, आणि काप निसटून खाली गेले. आरिफानं तिसरा करून माझ्या हातात दिला. तो मी उभ्यानं खाल्ला. बरा होता. पण ज्याच्यासाठी माणूस दर शुक्रवारी सगळे जाईपर्यंत थांबेल, असा नव्हता. सगुणाबाईंना विचारलं, ती नक्की काय करायची? म्हणाल्या, "मी काय खानारी हाय व्हय? मी फकस्त बगायची." पाव हातात धरून ती काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटायची, एवढं त्यांना आठवतं. ते काय होतं ते तूच शिकवलेलं असणार.

म्हणून हे पत्र लिहितोय. चाळिसावा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. पाव हातानं बुडवायचा की चिमट्यानं, यखनी उकळती हवी की निवलेली, काप आधी भरायचे की नंतर, हे तू एका कागदावर लिहून दिलंस तर कौस्तुभ त्याचा फोटो पाठवेल, आणि आरिफा करेल. तिचा हात चांगला आहे. पण लिहून कळण्यासारखं ते नसेल, तर तू ये. अम्मी गेली त्या दिवशी तू तिकीट बघत होतास आणि मीच म्हणालो की येऊ नकोस, मयत तेवढा वेळ ठेवता येणार नाही, आणि तुझे तिकडे राहण्याचे कागद अडकतील. ते त्या दिवसापुरतं होतं. त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही. कागद आता हातात आले असं आरिफाकडून कळलं. लोणच्याची ती बरणी अम्मीच्या हातची शेवटची आहे, म्हणून मी पाठवत नाही. ती इथंच फळीवर आहे, झाकण तू येऊन उघड. फक्त दुकानातला ओटा तुला बुटका पडेल. गवंड्याला तिनं माप दिलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, कापायला सोयीचं म्हणून असेल. तो तिच्या कोपराच्या उंचीचा आहे. तुला जरा जास्त वाकावं लागेल.

तुझाच,
अब्बा