घुटीचं बोट

गोखिवरे, ११ जुलै १९९९

सौ. नर्मदेस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. आपला नातू ठीक आहे.

हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी व्हायचं होतं. बाळ महिनाभर आधी जन्मलेलं, म्हणून पूर्ण भूल न देता पाठीत सुई देऊन कमरेखालचंच अंग बधिर करणार आहेत. पोट रिकामं हवं होतं. पण पहाटे त्याचं रडणं ऐकवेना, म्हणून मी घुटीचं बोट चाटवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर खरं सांगितलं.

"बरं झालं बोललात, आजोबा," म्हणाल्या आणि येत्या गुरुवारची तारीख दिली.

सूनबाईने घुटीची पिशवी काढून घेतली. रागावली नाही, तेच जास्त लागलं.

एवढीशी पाठ, त्यात सुई. पाय पुन्हा हलतील ना गं?

तुझा गुडघा कसा आहे? हवं तर रागाव, पण दोन ओळी लवकर पाठव.

नरहरी