घाबरलेल्या माणसाचा श्वास

९ एप्रिल २००७, सोमवार

हात भाजला. तरी मशीन सोडलं नाही!

टायटॅनियम कापताना निघणारा कीस पेटतो, हे ऐकून होतो. आज पाहिलं. पांढराफेक जाळ! मी पाण्याची बादली उचलली तर उत्तरेश्वर केवढ्यानं ओरडला— "पाणी नको, भंडाऱ्या! वाळू! वाळू टाक!" टाकली. विझलं. मग म्हणतो, "पाणी टाकलं असतंस तर पेपरात फोटो आला असता दोघांचा."

उत्तरेश्वर बार्शीकडचा, मी भंडाऱ्याचा. धायरीच्या या शेडमध्ये लेथ तोच चालवतो, मी हेल्पर. शेठ बँकेत गेले होते म्हणून त्यानं थोडा वेळ मला मशीनवर उभं केलं. एक पीस अख्खा मी केला. माझ्या हातानं!

हिंजवडीत वॉचमन, खराडीत कँटीन, मग कुरिअर— कुठंच टिकलो नाही. बाबा फोनवर म्हणाले, "आता तरी एका जागी राहा बाबू." आठवी नापासाला जागा कोण देते? पण ही मी घेणार. लेथ शिकल्याशिवाय इथून हलत नाही.

१२ एप्रिल

आपण काय बनवतोय ते आज कळलं. रेग्युलेटर! मला पंख्याचा तेवढा माहीत. हा समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांचा आहे. पाठीवरच्या बाटलीत हवा ठासून भरलेली असते, ती श्वासाला झेपेल एवढी सौम्य करून हा तोंडात देतो.

नम्रता मॅडमनी सांगितलं. त्या हिंजवडीच्या कंपनीत डिझाइन करतात. कंपनीला हा थंड समुद्राच्या देशांत विकायचाय. "टायटॅनियम हलकं असतं, आणि मिठाला दाद देत नाही," म्हणाल्या.

हिंदुराव शेठ लगेच— "खाल्ल्या मिठाला दाद न देणारे आमच्याकडेही आहेत, मॅडम." सगळे हसले. उत्तरेश्वर नाही हसला.

नमुना पास झाला तर ऑर्डर. ऑर्डर आली की शेठ दुसरं मशीन घेणार, त्यावर मी! शेठ स्वतः बोलले. वर म्हणाले, "पास झाला तर हं. आत्ताच गावाला फोन करू नकोस."

केला.

१७ एप्रिल

मार्केट यार्डामागच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथं मोठ्या हौदात खारं पाणी असतं— बर्फाहून थंड, पण गोठत नाही. त्यात बर्फाचे डबे सोडतात. शेठची ओळख आहे. दोरीला बांधून आमचे दोन तुकडे हौदात सोडले. एक टायटॅनियमचा, एक मुलामा दिलेल्या पितळेचा. बाहेर पुणं भाजतंय आणि मी आत कुडकुडतोय. मजा!

३ मे

तुकडे वर काढले. पितळेचा मुलामा फुगलाय, खाली हिरवं. टायटॅनियम पुसलं तर नवीन नवरीसारखं! मॅडमनी पुन्हापुन्हा नख घासून पाहिलं.

मीठ झालं. राहिली थंडी. तिची चाचणी माणसावर. श्वास घेणारं यंत्र असतं म्हणे, पण परदेशात. म्हणून बर्फाच्या कारखान्यातच एका टाकीत पाणी, त्यात बर्फाच्या फोडलेल्या लाद्या, आणि बाटलीसकट रेग्युलेटर बुडवून माणसानं आत तोंड घालून श्वास घ्यायचा. रेग्युलेटर आतून गोठला तर हवा भसाभसा सुटते, थांबतच नाही. खोल पाण्यात तसं झालं तर बाटली रिकामी, माणूस संपला.

उत्तरेश्वरनं तोंड घातलं आणि तसंच वर काढलं. "शेठ, माझं लग्न व्हायचंय अजून!"

मी म्हटलं, द्या इकडं. आम्ही ढिवर. शिंगाडे काढायला लहानपणापासून तळ्यात. पाण्याचं काय भ्या?

४ मे

ओठ अजून बधिर. चहा सांडतो.

८ मे

पास! तिन्ही वेळा पास, आणि शेवटचा पीस माझा!

मॅडम सारखं विचारत होत्या, "जोरात घेतलास ना श्वास? घाबरलेला माणूस घेतो तसा?" मी म्हटलं, हो. मग त्यांनी सांगितलं— बाटलीतून सुटताना हवा फार थंड होते. जेवढा जोरात श्वास, तेवढी जास्त थंड. पितळ बाहेरच्या पाण्यातली ऊब पटकन आत नेतं. टायटॅनियम नाही नेत. "म्हणून धाकधूक होती मला," म्हणाल्या.

शेठनी पेढे आणले. दुसऱ्या मशीनची जागासुद्धा दाखवली, खिडकीजवळ.

११ मे

वाईट झालं.

मॅडमच्या कंपनीतला सौरभ आला होता. कोथरूडचा. एरवी कॉम्प्युटरवर असतो, सुट्टी मिळाली की समुद्रात. येत्या आठवड्यात तो आपला रेग्युलेटर घेऊन लडाखच्या तळ्यात उतरणार. तिथं आत्ताच बर्फ वितळलंय. हसरा माणूस. मला दादा म्हणतो! "दादा, तू पास केलायस ना? मग मी डोळे झाकून उतरतो."

शेडमधल्या ड्रममध्ये, साध्या पाण्यात, त्यानं सहज तोंड घालून पाहिलं. मी बाटलीचा काटा बघत होतो. काटा असा घसरला! मला अख्ख्या चाचणीला लागते तेवढी हवा यानं गंमत गंमत म्हणून संपवली. आणि हा घाबरलेला नव्हता. शेडमध्ये होता, हसत होता.

म्हणजे मी जोरात घेतो तो श्वास जोरात नाहीच. पाण्यात तोंड गेलं की माझी छाती आपोआप हळू चालते. लहानपणची सवय.

रेग्युलेटर पास झालाच नाही. मी पास झालो.

१२ मे

शेठना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला पगार श्वास घ्यायचा देतो. विचार करायचा वेगळा देत नाही." सोमवारी कंपनीचे मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर एकदा करायचं की सही. "जसा घेतोस तसाच घ्यायचा. कळलं?"

उत्तरेश्वर जेवताना हळूच म्हणाला, "तो पोहणारा गडी आहे, बघून घेईल. तुला मशीन मिळतंय ना? गप मिळव."

खिडकीजवळची जागा दिवसभर दिसत राहिली. मला ते मशीन पाहिजे. खोटं कशाला लिहू!

मॅडमचा नंबर आहे शेडमध्ये. पण फोनवर माझं कोण मानणार? त्यांना दाखवलेलं पटेल.

१३ मे, रविवार

पर्वतीवर गेलो. देवाला नाही. पायऱ्या पळत चढलो, वर पोचल्यावर छाती कशी चालते ते ध्यानात घेतलं. खाली आलो, पुन्हा पळालो. एक आजोबा म्हणाले, "पोलिसात भरती का?" म्हटलं, हो.

१४ मे

केलं!

सगळे टाकीभोवती उभे. साहेब, मॅडम, सौरभ, शेठ. मी लघवीला म्हणून बाहेर सटकलो आणि उन्हात बर्फाच्या टेम्पोंना फेऱ्या मारल्या, डोळ्यांपुढं अंधारी येईपर्यंत. धापा टाकत आत आलो. शेठ म्हणाले, "कुत्रं लागलं होतं का रे मागं?" मी सरळ टाकीत तोंड घातलं.

घाबरल्याचं सोंग करायचं ठरवलं होतं. करावं लागलं नाही.

आधी हवा अडकल्यासारखी झाली. मग जिभेवर बर्फाचा कण. आणि मग भस्सकन! टाकी उकळल्यासारखी. साहेब मागं सरकले, बूट भिजले त्यांचे. माझाच पीस. गोठला.

मॅडमनी विचारलं, "आज काय वेगळं केलंस?" सगळं सांगितलं, शेठच्या देखत. त्या म्हणाल्या, "अरे, मी विचारलं होतं ना— घाबरल्यासारखा घेतलास का म्हणून?"

"मॅडम, मी पाण्यात कधी घाबरलोच नाही. तसला श्वास कसा असतो मला काय माहीत?"

साहेबांनी पेन खिशात घातलं. सौरभनं रेग्युलेटर हातात घेतला. बोटं चिकटली त्याची, तरी सोडेना. हसत नव्हता. शेठ मला न घेताच गाडी घेऊन गेले. धायरीपर्यंत बसनं आलो.

१५ मे

ऑर्डर नाही. दुसरं मशीन नाही. सकाळपासून शेठनी शिव्या दिल्या, त्यातल्या दोन मला नवीन होत्या. मी खाली मान घालून शेड झाडत राहिलो. हाकलेपर्यंत झाडणार होतो. संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "मॅडमनी आतला भाग पितळेचा करून मागितलाय. उद्या उत्तरेश्वरच्या शेजारी उभा राहा, दोघं मिळून करा. आणि परवा उपाशीपोटी ये. पळायचंय तुला."