तिसऱ्या पुलाखालचं पाणी

१४ मार्च

तीर्थस्वरूप आक्का,

नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं सूनबाईंनी फोनवर सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. आता काही दिवस खाली वाकू नका, जड उचलू नका आणि सुनेच्या हातातलं काम ओढून घेऊ नका. शेवटचं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मी सांगतेय. आणि एक करा, हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नका. नवा चष्मा आला की स्वतः वाचा. का, ते पुढे येईल.

मी ठणठणीत आहे. वजन मात्र वाढलंय. सबंध दिवस खुर्चीत बसून पाण्यातला प्राणवायू मोजायची मीटर तपासणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार?

बातम्या दोन आहेत. नदीची आधी सांगते.

तुम्ही माझ्याकडे राहायला होतात तेव्हा तिसऱ्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावायचो, आठवतं? कापड रंगवायच्या कारखान्यांचं सगळं पाणी तिथे उतरायचं. त्या पाण्यात प्राणवायू नावालाही नव्हता. मासे सोडाच, किडासुद्धा टिकत नसे. कारखान्यांनी पाणी शुद्ध करूनच सोडायचं असं ठरून काही वर्षं झाली, पण आमच्या आकड्यांत ढिम्म फरक पडत नव्हता. आणि गेल्या महिन्यात बोटवाल्यांच्या मीटरने तिथे चक्क चांगला आकडा दाखवला.

बोटवाले म्हणजे नदीवर जाऊन मोजमाप घेणारे आमचे गृहस्थ. गेल्या वर्षी बदलून आले. मागे एकदा लिहिलं होतं बहुतेक. ते बोटीतून ठिकठिकाणी जातात, मीटरचं टोक पाण्यात सोडतात आणि आकडे टिपून आणतात. मग ते मीटर माझ्या खोलीत येतं आणि ते खरं बोलतंय की नाही हे मी पाहते. मोजणाऱ्याला मोजायचं, हे माझं काम.

साहेबांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "मीटर बिघडलंय. जास्त दाखवतंय. हा आकडा काढून टाका."

बोटवाले उखडले. "नदी सुधारली असेल तर, साहेब?"

"नदी अशी एकदम सुधारत नसते."

"एकदम बिघडली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही लगेच मानलं असतं!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आक्का, त्या क्षणी मला एका माणसाची बाजू घ्यावीशी वाटली. तपासणाऱ्या बाईला ती चैन परवडत नाही, म्हणून मी दोघांवरही खेकसले आणि मीटर मागितलं.

तर हे महाशय ते लखलखीत पुसून घेऊन आले!

"पुसलंत कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या टेबलावर घाण नको म्हणून."

"अहो, तीच तर मला हवी! पाण्यातून काढलं तसं, बुळबुळीत शेवाळासकट हवं. हे म्हणजे चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत घर झाडून ठेवण्यासारखं झालं."

माणूस इतका ओशाळला की मलाच हसू आलं. वर्षभर ती मीटर अशी पुसून येत होती आणि मी आपली मनात म्हणत होते, काय टापटिपीचा माणूस आहे! नंतर शिपायाने सांगितलं, इतर सामान ते चिखलासकट कोपऱ्यात आदळतात. पुसून येतं ते फक्त माझ्या खोलीत येणारं.

ते मीटर मी आधी दमट हवेत धरलं, मग प्राणवायू काढून टाकलेल्या पाण्यात बुडवलं. दोन्हीकडे आकडा जिथे यायला हवा तिथेच आला. पण खोलीत शहाण्यासारखं वागलेलं मीटर नदीत दिवसभर कसं वागलं, याची शपथ कोण घेणार? उपाय एकच होता. मीटर बाजूला ठेवून पाण्यालाच विचारायचं, आणि तेही बोटीत बसून.

माझी पाण्याची भीती तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीभर नदीचे आकडे तपासले, पण नदीत कधी पाय घातला नव्हता. बोटवाल्यांनी माझ्या अंगावर ते फुगीर जाकीट चढवलं, पट्टे आवळले आणि म्हणाले, "आता तुम्ही बुडायचं म्हटलंत तरी बुडणार नाही." साहेबही टोपी घालून आले. मी दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसले होते. नाक खाजलं तरी हात सोडला नाही.

तिसऱ्या पुलाखाली मात्र हात सोडावे लागले. काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, त्यात दोन औषधं घालायची, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू नसेल तर आत पांढरा साका तयार होतो. असेल तर तपकिरी. नोकरीला लागल्यापासून या जागेची बाटली मी पांढरीच पाहिली होती.

बाटली उलटी केली. बोट इतकी डुलत होती की काही दिसेना. बोटवाल्यांनी खालून माझं मनगट धरलं आणि बाटली उजेडात स्थिर झाली.

तपकिरी! गडद, दाट तपकिरी!

एका बाटलीवर विसंबायचं नाही हा माझाच नियम, म्हणून दुसरी भरली. तीही तपकिरी. मग मात्र मी किंचाळले आणि उभी राहिले. मी, आक्का, बोटीत उभी! बोट अशी हेलकावली की साहेबांची टोपी पाण्यात गेली. बोटवाले ती काढायला वाकले तर साहेब म्हणाले, "जाऊ दे. चांगल्या पाण्यात पडलीये." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. ते या नदीकाठीच लहानाचे मोठे झालेत, हे मला त्या दिवशी कळलं.

या वेळी मीटर शेवाळासकट खोलीत आणलं, बाटल्यांतला प्राणवायू किती ते मोजलं आणि त्या आकड्याशी मीटर ताडून पाहिलं. काय निघालं असेल? मीटर चुकतच होतं, पण उलट्या बाजूने! टोकावर शेवाळ चढलं की ते सुस्तावतं आणि प्राणवायू कमी दाखवतं. म्हणजे नदी त्या आकड्याहूनही बरी होती. साहेब म्हणत होते जास्त दाखवतंय, बोटवाले म्हणत होते अगदी अचूक आहे, दोघंही तोंडावर आपटले. पण पडल्याचा इतका आनंद झालेली माणसं मी आजवर पाहिली नव्हती. हल्ली पुलाच्या कठड्याशी लोक थांबतात. खांबापाशी बोटभर लांबीचे मासे दिसतात म्हणून एकमेकांना बोलावून दाखवतात.

ही झाली नदीची बातमी.

आता दुसरी. एवढं लिहून मी उठले, खिडकी लावली, पाणी प्यायले, उगीचच पेन झटकून पाहिलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा लिहिते.

त्या दिवशी धक्क्यावर उतरताना बोटवाल्यांनी हात दिला आणि मी उतरल्यावर तो सोडायचा ते विसरले. साहेब पुढे निघून गेले होते. बोटवाले म्हणाले, "बाई, आता तुमची पाण्याची भीती गेलीय, तर एक विचारू?"

मी म्हटलं, "भीती आहेच. विचारा."

त्यांनी विचारलं. विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले. मग जेवण जाईना, झोप लागेना, तेव्हा हो म्हटलं.

ते एकटेच आहेत. लग्न करायचं राहून गेलं म्हणतात. बोलतात कमी, ऐकतात जास्त. ह्यांचा फोटो भिंतीवर आहे तिथेच आहे, आक्का. परवा ते चहाला आले होते, फोटोकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काय बोलतात कोण जाणे. तर म्हणाले, "खिळा सैल झालाय," आणि हातोडी मागून तो नीट ठोकून दिला.

तुमच्या भावावर माझा किती जीव होता हे तुम्हाला सांगायला नको. दवाखान्यातल्या त्या बाकावर आपण दोघी आळीपाळीने झोपलो. नंतर तुम्ही मला भरवलंत, केस विंचरलेत, ओरडून ओरडून कामावर पाठवलंत. तेव्हा तुम्हाला सांगायलाच जीभ रेटत नाही. पण मला आनंद होतोय हो! लपता लपत नाही. मीटर तपासता तपासता गुणगुणते आणि शेजारच्या खोलीतून ओरडा येतो.

लोकांची धास्ती नाही. एकच धास्ती आहे. आपलं नातं ह्यांच्यावरून जुळलं. मी दुसऱ्या घरची झाले तर तुमची कोण राहीन? तुम्ही नको म्हणालात तरी बहुधा मी लग्न करीनच, खोटं कशाला बोलू? पण मग ते हसत होणार नाही.

डोळ्यात औषध वेळेवर घाला.

अजून तरी तुमची,
भावजय


२६ मार्च

वेडे,

अनेक आशीर्वाद. चष्मा अजून आलेला नाही, तेव्हा पत्र सुनेनेच वाचून दाखवलं. 'तिच्याकडून वाचून घेऊ नका' हेही तिनेच मोठ्याने वाचलं आणि थांबली. मी म्हटलं, वाच पुढे. हे उत्तरही मी सांगतेय आणि तीच लिहितेय. (मामी, अभिनंदन! मी रडले. — सून.) हे मी सांगितलेलं नाही.

किती पाणी पाजलंस गं! बाटल्या काय, शेवाळ काय, साहेबांची टोपी काय! सून म्हणाली, "मुद्दा कधी येणार?" मी म्हटलं, "मुद्दा पहिल्या पानापासून बोट चालवतोय." वर्षभरात तुझं एक पत्र त्या माणसाशिवाय आलेलं नाही, आणि म्हणे 'मागे एकदा लिहिलं होतं बहुतेक'!

वाईट वाटलं का? वाटलं. पत्र संपल्यावर गच्चीवर जाऊन बसले. भाऊ आठवला, पोटभर रडले. डोळ्याला पाणी लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, ते आतल्या पाण्याला लागू नसावं. रडले ते त्याच्यासाठी, तुझ्यावर नाही. तो काय म्हणाला असता हे मला ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या वतीने बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी माझ्यापुरतं सांगते. फोटोचा खिळा ठोकणारा माणूस मला पसंत आहे. फक्त त्याला पोहता येतं का ते विचारून घे. बोटवाला आहे म्हणून गृहीत धरू नकोस. तपासणारी ना तू?

तारीख माझा चष्मा आल्यानंतरची ठेव. मला सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे. आठवडाभर आधी येते. लग्न नोंदवायच्या कचेरीत सह्या करायला साक्षीदार लागतील, तिथे तुझ्याकडून मी सही करीन. तुझ्या पहिल्या लग्नात मी मुलाकडची होते, उगाच भाव खात मिरवले, तुला घाबरवलंसुद्धा. या खेपेला मी मुलीकडची. त्याला सांगून ठेव, मुलीकडची माणसं फार कडक आहेत.

माझी कोण राहशील म्हणून विचारतेस! समोर असतीस तर कान पिळला असता. नणंद-भावजय हे नातं आता पुरत नसेल तर दुसरं घेऊ. या वयात तू नवं घर मांडायला धजतेस, तर मी काय घाबरणार आहे? संसारात रुसवेफुगवे झाले, थकलीस, किंवा काही कारण नसताना नुसतं चार दिवस लोळावंसं वाटलं, तर बॅग उचलायची आणि इकडे यायचं. विचारायचं नाही, कळवायचंही नाही.

तुझं माहेर,
आक्का