माहेरचं रक्त

माय, तुझा पाय सुजला तेव्हा मी दारात उभी होते. धाकटा नुकताच जन्मलेला, तू खाटेवर, डावा पाय मांडीपर्यंत तट्ट फुगलेला. दाई कोमट तेलानं तो रगडतेय आणि तू कण्हत मला म्हणतेस, "रडू नको व, उतरते आता." दुसऱ्या दिवशी चुलीकडे जायला उठलीस, छातीवर हात धरलास आणि पडलीस. मावशीही बाळंतपणात अशीच गेली होती. मोताळ्यात लोक म्हणाले, हिच्या माहेरच्या पोरींना शापच आहे.

मी तो मानला नाही. माझी मुलगी झाली आणि माझाही पाय तसाच सुजला. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "पायाले हात लावू नका!" मी ओरडले. "काऊन व?" "माही माय अशीच गेली." नवऱ्यानं मला अकोल्याला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तुझं विचारलं, मग मावशीचं. म्हणाल्या, "काही घराण्यांत रक्त लवकर गोठतं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की जीव जातो. चोळायचं नाही." रक्त गोठू न देणारं औषध शिरेतून दिलं, पुढे गोळ्या, त्या किती घ्यायच्या हे ठरवायला सारखं रक्त तपासत. सूज उतरली. मी चालत घरी आले, माय.

सासूबाई म्हणाल्या, "कोणाले सांगू नको. पोरीचं लगन होनार नाही." मी तुझ्या नात्यातल्या प्रत्येक बाईला सांगितलं. जानेफळला मावशीची मुलगी बाळंत झाली, पाय सुजलाय असं कळलं, तशी मी एसटीनं गेले. तिच्या सासऱ्यांनी दारातच अडवलं. "आमच्या घरी रोग सांगाले आली काय?" "हाव. अन् तिले घेऊन जायाले. बाजूले व्हा, नाही तर तिरडी बांधाले घ्या." ते बाजूला झाले. तिलाही तेच औषध मिळालं. ती जगली.

परवा माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले. चहाच्या आधीच मी सगळं सांगितलं, बाळंतपणात काय जपावं लागेल तेही. ते उठून गेले. जाऊ देत. पुन्हा येतील त्यांनाही हेच सांगेन. तुला शाप होता म्हणणाऱ्यांच्या भीतीनं मी गप्प बसणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. पाहुणे गेल्यावर पोरगी आत जाऊन रडली. तिच्याजवळ बसले, पण काय बोलावं ते मला सुचेना. तेव्हा तू हवी होतीस.